दाराखालची फट

थंडीवर पैसा खर्च करायचा असतो, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नसतं. माण तालुक्यातलं गाव, चहूबाजूंनी उघडा माळ, पाऊस बेताचा आणि थंडी मात्र पोटभर. दिवाळी उरकली की वारं सुटायचं ते संक्रांत झाली तरी हटायचं नाही. आईकडं त्यावर उपायांची कमी नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेल्या वाकळा ती दुपारच्या उन्हात दगडी बांधावर पसरायची आणि ऊन उतरायच्या आत, कापड गरम असतानाच, घट्ट घड्या घालून एकावर एक रचून ठेवायची. म्हणजे अंथरुणात शिरेपर्यंत आतली ऊब टिकायची. अंगाखाली आधी पोतं, पोत्यावर वर्तमानपत्रं, त्यावर वाकळ. लोक पांघरुणं वाढवत बसतात, पण थंडी वरनं येत नाही, खालनं येते, हे तिचं ठाम मत होतं. शेळ्या बांधायची जागा आमच्या झोपायच्या भिंतीला लागून होती, तीही तिनंच हट्टानं तिथं करून घेतली होती. शेळ्यांच्या अंगाची ऊब भिंतीतून येते, असं ती सांगायची. येत होती की नाही देव जाणे, वास मात्र नक्की यायचा.

आणि सगळ्यात शेवटी घमेलं. संध्याकाळच्या भाकरी झाल्या की आई चुलीतले बाभळीचे निखारे एकेक निवडून घमेल्यात घ्यायची. धुरकट एकही चालायचा नाही. पुरता पेटलेला, लालबुंद, धूर सरलेला निखारा तेवढाच आत जायचा. वर दोन मुठी राख. मग ते घमेलं आमच्या अंथरुणांच्या मधोमध यायचं आणि राखेखालचा विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहायचा. धूर नाही म्हणजे धोका नाही, भ्यायचं ते फक्त ठिणगीला आणि ठिणगीसाठी राख आहे, असं आई म्हणायची. सगळं गाव तसंच म्हणायचं आणि तसंच करायचं. त्या घराच्या भिंती दगड-मातीच्या होत्या, वर पत्रा, आणि भिंत नि पत्रा यांच्यामध्ये चिमण्या ये-जा करतील एवढी जागा मोकळी होती. त्या फटींतून वारं थेट डोक्यावर पडायचं. भाऊ आणि मी वाकळेत तोंड खुपसून त्या फटींना शिव्या द्यायचो.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, थंडी वाजते हे कबूल करणं कमीपणाचं वाटायचं. खांद्यावर घोंगडं आणि डोक्याला टॉवेल, एवढ्यावर त्यांचे सगळे हिवाळे निघाले. भाऊ सैन्यात लागला आणि पहिल्या सुट्टीला त्यांच्यासाठी चांगलं जाडजूड जॅकेट घेऊन आला. आबांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, लय भारी हाय म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बघतो तर जॅकेट दोन दिवसांच्या करडाच्या अंगावर. बाह्यांत पाय घालून, चेन लावून. भाऊ संतापानं लाल झाला. आबा शांतपणे म्हणाले की करडाला आई नाही, मला आहे. आजी तेव्हा जाऊन किती वर्षं झाली होती, तरी ते तसंच बोलले. भावानं पुन्हा त्यांच्यासाठी कपडे आणले नाहीत. त्यानं घर बांधायचं ठरवलं.

माझं लग्न सांगलीत झालं. गेली कितीतरी वर्षं मी कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात काम करते. सांगलीच्या बाजूला बेदाणे ठेवायची मोठमोठी कोल्ड स्टोरेज आहेत, त्यांच्या दारांना लावायच्या रबरी पट्ट्या आमच्याकडं तयार होतात. दार मिटलं की आतली थंड हवा बाहेर जाता कामा नये, एवढंच त्या पट्टीचं काम. मी पट्ट्यांच्या कडा साफ करते आणि माल तपासते. कुठं फुगवटा आला, कुठं चीर पडली, तर ती पट्टी बाद. या कामात माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा लौकिक आहे आणि मला त्याचा गर्व होता. आता नाही.

भावानं बांधलेलं घर स्लॅबचं, तीन खोल्यांचं, फरशी घातलेलं. वास्तुशांतीला अख्खं गाव जेवून गेलं. आणि पहिल्याच हिवाळ्यात आईचा फोन आला की घर लय गार हाय गं. ते खरंच होतं. मातीच्या भिंती दिवसाचं ऊन धरून ठेवायच्या, सिमेंट काही धरत नाही. त्यात झोपायच्या खोलीच्या सरकत्या खिडक्या नीट मिटायच्या नाहीत, आणि गवंड्यानं दार असं बसवलं होतं की खाली बोटभर फट. भाऊ गवंड्यावर फार तापला होता, पण दार काही पुन्हा बसवलं नाही. आईनं खिडक्यांना पोती लावली आणि घमेलं आत आणलं. भावानं फोनवरून तिला बजावलं की घमेलं बंद कर, नव्या भिंती काळ्या होतील. त्यानं हीटरही पाठवला. लाइटबिलाच्या भीतीनं तो खोक्यातून बाहेरच निघाला नाही. तो हिवाळा घमेल्यावरच गेला आणि कुणाला काही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं सगळं त्यावरच येऊन थांबतं.

मला भावाचा हेवा वाटत होता. हे लिहायला जड जातं, पण तेच खरं आहे. गावात जो भेटेल तो म्हणायचा, पोरानं आईबापाचं सोनं केलं. मी दर दोन महिन्यांनी विट्याला गाडी बदलून, पिशव्या सावरत जात होते, आईच्या डोक्याला तेल लावत होते, आबांना दवाखान्यात नेत होते, पण त्याचं घर उभं दिसत होतं आणि माझं काहीच दिसत नव्हतं. मला वाटलं, त्याच्या घरात जे कमी आहे ते मी पुरं करीन.

पुढच्या दिवाळीला मी कारखान्यातून बाद झालेल्या पट्ट्यांचे तुकडे मागून घेतले. भंगारातच जायचे होते, फोरमननं हसत दिले. माहेरी जाऊन पूर्ण दोन दिवस मी त्या खोलीचं काम केलं. खिडक्यांच्या चौकटींत पट्ट्या बसवल्या. दाराच्या तिन्ही बाजूंना लावल्या आणि खालच्या बोटभर फटीला सगळ्यात जाड पट्टी खिळ्यांनी ठोकली. वरच्या झरोक्यात टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मापात कापून बसवला आणि कडेनं रबर दाबलं. मग कारखान्यात करतो तशी तपासणी केली. दार मिटून, उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेनं फिरवली. धूर सरळ वर गेला, कुठंही हलला नाही. आबा कॉटवर बसून बघत होते. वाऱ्याला आता यायचं झालं तर कडी वाजवावी लागंल, असं म्हणाले. आई पदरात तोंड लपवून हसली. खोली खरंच उबदार झाली होती, आणि पैही खर्च झाली नव्हती. मी दोघांना सांगून ठेवलं की भावाला फोनवर यातलं काही बोलायचं नाही, तो सुट्टीवर आला की मीच दाखवणार. त्याचं तोंड बघायचं होतं मला.

घमेल्याचं मी काहीच बोलले नाही. आता त्याची गरज पडणार नाही असं मनात आलं होतं, एवढंच. पण आणलंत तर बिघडेल, हे मला ठाऊकच नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. आमच्या लेखी विस्तवाचा धोका म्हणजे ठिणगी.

पौषात कडाका पडला. आबांना खोकला झाला होता. त्या संध्याकाळी आईनं निखारे निवडले आणि आबांना जास्त ऊब मिळावी म्हणून नेहमीपेक्षा चार जास्त घेतले. पहाटे तिला जाग आली ती डोकं फुटेल असं दुखत होतं म्हणून. पायांत बळ नव्हतं, उलटी होईलसं वाटत होतं. ती रांगत दारापर्यंत गेली. दार रबराला चिकटल्यागत झालं होतं, तिनं अंगाचा सगळा भार टाकून ते ओढलं आणि उंबऱ्यावरच पडली. बाहेरच्या हवेनं ती वाचली. उजाडल्यावर दूध घालायला निघालेल्या शेजारणीनं तिला पाहिलं. आबा वाकळेत तसेच होते, कुशीवर, हात गालाखाली. मला कारखान्यात फोन आला तेव्हा माझ्या हातात पट्टी होती. मी ती तपासून, बाजूला ठेवून मगच उठले. असं का केलं ते अजून मला सांगता येत नाही.

आईला साताऱ्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर आबांना थांबवून ठेवलं. त्यानं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सावडणं झालं, राख भरून घेतली आणि दुपारी आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. आई ऑक्सिजनवर होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर जिन्यापाशी नेऊन समजावलं की निखाऱ्यांतून एक वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, धूर दिसत नाही, आणि बंद खोलीत तो साठला की माणूस झोपेतच जातो. मग त्यांनी विचारलं, खोलीत हवा यायला कुठंच फट नव्हती का.

भाऊ म्हणाला, आहे ना, दाराखाली बोटभर फट आहे, खिडक्याही नीट मिटत नाहीत. डॉक्टरांनी जरा विचार केला. एवढी हवा असती तर सहसा असं होत नाही, म्हणाले. मग स्वतःच म्हणाले की विस्तव फार जास्त घातला असेल.

मी भावापासून दोन पावलांवर उभी होते. मला एका क्षणात सगळं कळलं, त्या चारही कडा, तो झरोका, ती जाड पट्टी, सगळं. एक वाक्य बोलायचं होतं. मी खाली जिन्याच्या पायऱ्यांकडं बघत राहिले आणि डॉक्टर पुढच्या पेशंटकडं निघून गेले.

आईनं डोळे उघडले तेव्हा भाऊ तिच्या उशाशी होता. दुःख होतंच, आणि तो मुळात तापट. तो म्हणाला, "सांगून सांगून थकलो होतो, आई. तुझ्या त्या घमेल्यानं घेतलं आबांना." आईनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "व्हय. मी चार निखारं जास्ती घातलं," म्हणाली. मी तिच्या पायांवरची चादर नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी भावाला आईपाशी ठेवून मी गावी गेले, दहाव्याची तयारी करते असं सांगून. घरी कुणी नव्हतं. इतक्या दिवसांत दार सताड उघडंच होतं, माणसांची रीघ लागलेली, पट्ट्यांकडं बघायला कुणाला सवड झाली नव्हती. मी विळा घेतला आणि सगळ्या पट्ट्या उपसून काढल्या. झरोक्यातला थर्माकोल काढला. खिळ्यांची भोकं राहिली, ती मेणबत्तीच्या मेणानं बुजवली. पट्ट्या पिशवीत भरून कुपवाडला नेल्या आणि भंगाराच्या ढिगावर टाकल्या. आई घरी आली तेव्हा तिनं दाराकडं बघून विचारलं, पट्ट्या कुठं गेल्या. रबराला वास यायला लागला होता म्हणून काढल्या, असं मी सांगितलं.

त्यानंतर आईनं विस्तव सोडला. दुसरा शब्द मला सुचत नाही. घमेलं भंगारवाल्याला दिलं. चूल मोडली. स्वयंपाक गॅसवर, तोही एकदाच करून दोन वेळा गार खायचा. पाण्याचा बंब परसात पालथा पडला आणि ती ऐन पौषात गार पाण्यानं अंघोळ करू लागली. वाकळा बायकांना वाटून टाकल्या. फरशीवर एक सतरंजी आणि अंगावर एक चादर. सकाळी गल्लीतल्या बायका शेकोटीला बसायच्या, तिला हाक मारायच्या, ती जायची आणि बाजूला, ऊब पोचणार नाही इतक्या लांब बसायची. बायका आधी म्हणायच्या सरक पुढं, मग त्यांनी म्हणणंच सोडलं. म्हातारीनं नवऱ्याला मारलं असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण एखाद्या घरी आत विस्तव न्यायचा झाला की दबक्या आवाजात आमचं नाव निघायचं, हे मी स्वतः ऐकलं आहे.

भाऊ पैसे पाठवत होता, फोन करत होता, औषधं घेतेस का विचारत होता. पण सुट्टीत तो गावी यायचा बंद झाला. बायकोमुलांना क्वार्टरवर नेलं आणि सुट्टी तिकडंच घालवू लागला. त्याचा फोन आला की आई उठून उभी राहायची आणि बोलणं संपेपर्यंत उभीच असायची. साहेबाचा फोन असल्यासारखी.

आणि मी काय करत होते, तर तिला ऊब पाठवत होते. स्वेटर, लोकरीचे मोजे, गरम पाण्याची पिशवी. काही चाललं नाही तेव्हा मी तिचेच उपाय तिला फोनवर सांगायला लागले. अंगाखाली पोतं घाल. दुपारी अंथरूण उन्हात टाक आणि ऊन जायच्या आत घडी घाल. बाटलीत कढत पाणी भर, फडक्यात गुंडाळ, पायाशी घे. बाजरीची भाकरी खा, तीळ खा, लसणाची चटणी खा. ती प्रत्येकाला व्हय म्हणायची. जाऊन बघावं तर स्वेटर घडीसुद्धा न मोडता कपाटात. मी चिडायचे, तोंड सोडायचे, म्हणायचे की आम्हाला काय त्रास द्यायचा ठरवलाय का तू. स्वतःचं पाप पोटात ठेवून मी तिलाच बोलत होते. आता आठवलं की मान खाली जाते.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्याच्या शेवटी तिला न्यूमोनिया झाला. पुन्हा साताऱ्याचा दवाखाना, पुन्हा तो जिना, डॉक्टर मात्र वेगळे. ते म्हणाले, छाती कमकुवत झाली आहे, असा आणखी एक हिवाळा हिला झेपणार नाही, कसंही करून ऊब द्या. मी हो म्हटलं. हो म्हणतानाच मला कळत होतं की पिशव्या आणि स्वेटर घेऊन ते होणार नाही. तिला ऊब नको होती, कारण तिनं आबांना मारलं होतं. आणि तिनं मारलं नव्हतं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

तरी मी दिवाळीपर्यंत थांबले. उन्हाळ्यात म्हटलं पावसाळा येऊ दे, पावसाळ्यात म्हटलं गणपती होऊ दे. भाऊबीजेला भाऊ आला नाही, मी एकटीच गेले. दुपारची वेळ होती. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती, उन्हात नाही, भिंतीच्या सावलीला. कडाका अजून लांब होता, तरीही तिच्या हाताला काटा आलेला दिसत होता. मी तिला उन्हात सरक म्हटलं. बरी हाय हितंच, म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. पट्ट्या कशा लावल्या ते तिला ठाऊकच होतं. पण हवा कशी कोंडली, डॉक्टर काय म्हणाले, भाऊ फटीचं काय बोलला आणि मी कशी गप्प राहिले, ते सगळं सांगितलं. आधीच्या हिवाळ्यात तुझं घमेलं त्याच खोलीत होतं आणि काही झालं नव्हतं, कारण फट होती, फट मी बुजवली, हेही सांगितलं. विळा, पिशवी, भंगार, वासाचं खोटं, काही मागं ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "आये, निखाऱ्यांनी न्हाई गेले आबा. मी कोंडलं त्यास्नी."

आई शेंगा फोडायची थांबली होती. तिनं सुपातले दाणे एका बाजूला केले, टरफलं दुसऱ्या बाजूला केली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. लहानपणी चूक कबूल केली की ती जवळ घ्यायची, आणि इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनात तेच होतं. ती म्हणाली, "म्हंजे तुला दवाखान्यातच कळलं हुतं."

मी हो म्हटलं.

"आन तू बघत ऱ्हायलीस. मी गार पानी अंगावर घेतलं, फरशीवर झोपले, लेक माझ्या दारात यायचा बंद झाला. दोन हिवाळं. तू येत हुतीस, बघत हुतीस, सैटर आनत हुतीस."

मी भीती वाटली म्हणाले. कुणाची, असं तिनं विचारलं. भावाची म्हणावं तर तो लांब होता. लोकांची म्हणावं तर लोक तिलाच बोलत होते. खरं सांगायचं तर ती चुकीची आहे आणि मी बरोबर आहे, असं घरात एकदा ठरून गेलं होतं, आणि ते मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. इथंच लिहिते आहे.

"त्याला फोन लाव," आई म्हणाली.

तो ड्यूटीवर असेल, संध्याकाळी लावू, असं मी म्हटलं. ती उठून उभी राहिली, पदराला हात पुसले आणि पुन्हा तेच म्हणाली. मी फोन लावला. भावानं उचलला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, या वेळी आणखी अडखळत, आणि आई माझ्या तोंडाकडं बघत उभी होती, एखादा शब्द गाळते का ते बघायला. मग त्याचा आवाज आला, आईला दे.

आईनं फोन कानाला लावला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि तिनं पुढं कधी सांगितलंही नाही. ती म्हणत होती, व्हय. व्हय रं. बोलता बोलता उभी होती ती खाली बसली, अंगणात, आहे त्याच जागी. "गप. रडू नगंस," म्हणाली. "जेवलास का तू?" मग म्हणाली की सुट्टी मिळेल तेव्हा ये, पोरांना घेऊन ये. फोन ठेवून तिनं तो माझ्याकडं न देता सुपाशेजारी ठेवला, आणि शेंगा घेऊन उन्हात जाऊन बसली.

भाऊ पंधरा दिवसांत आला. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मला तो काहीच बोलला नाही, एक शिवीसुद्धा दिली नाही, त्यापेक्षा त्याचा राग मला सोसला असता. त्यानं बंब उचलून आणला, घासला, पाणी तापवून दिलं. खिडक्या दुरुस्त केल्या, झरोका मोकळा ठेवला, हीटर खोक्यातून काढला. यंदाचा हिवाळा आईला बरा गेला. छाती भरली नाही, वजन थोडं वाढलं, आणि सकाळी ती बायकांच्या शेकोटीला अगदी पुढं बसते, असं शेजारीण सांगते.

मी अजून जाते, दर दोन महिन्यांनी. आई मला पाणी देते, चहा करते, सांगलीची विचारपूस करते. वाईट वागत नाही. पण पूर्वी मी निघायला लागले की ती पिशवी हातातून ओढून घ्यायची, आजच्या दिवस ऱ्हा म्हणून मागं लागायची. आता ऊन अंगणातून भिंतीवर चढायला लागलं की ती स्वतःच उठते, माझी पिशवी दारात आणून ठेवते आणि म्हणते, तुझी एसटी जाईल. मी थांबते म्हणत नाही. पिशवी उचलते आणि निघते.